उसाच्या रानातल्या सेन्सर नोडना पाळी कशी लावायची

नवीन माणूस सेन्सर नेटवर्क उभं करायला निघाला की पहिली चौकशी रेंजची करतो. अँटेना कुठली घ्यावी, सिग्नल किती लांब जाईल, मध्ये ऊस असला तर चालेल का. दोन नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेल्या छोट्या पेट्या) घेऊन बांधावर तपासलं की सगळं झकास चालतं. मग त्याच शिवारात तीस-चाळीस नोड बसतात आणि आकडे गळायला लागतात. कधी या नोडचा, कधी त्या नोडचा. अशा वेळी लोक अँटेना बदलतात, शक्ती वाढवतात, एकच पॅकेट (एका वेळी पाठवलेला माहितीचा गठ्ठा) तीन-तीनदा पाठवायला लावतात. त्याने गळती आणखी वाढते, कारण हवेतली गर्दी वाढते. एकाच वारंवारतेवर, एकाच सेटिंगवर दोन नोड एकाच क्षणी बोलले की गेटवेला, म्हणजे सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या मधल्या रेडिओला, बहुधा दोघांचंही कळत नाही.

पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला यावरचा उपाय शिकवायला नको. उपसा योजनेची पाइपलाइन एकच, खातेदार अनेक, म्हणून पाण्याच्या पाळ्या लागतात. ज्याची पाळी त्याने पाणी घ्यायचं, बाकीच्यांनी थांबायचं. रेडिओलाही अशीच पाळी लावता येते. ती कशी लावायची ते इथे एका उदाहरणावरून सांगतो: ४० नोड, एक गेटवे, लोरा (कमी विजेत लांबवर पोचणारा) रेडिओ, उसाच्या रानातला ओलावा दर १५ मिनिटांनी.

आधी कागद घ्या

बोर्ड विकत घेण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: नोड किती, दर किती वेळाने बोलणार, एका वेळी किती बाइट पाठवणार, आणि माहिती उशिरा आली तर किती उशीर चालेल. चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच ठरतात. मातीचा ओलावा सावकाश बदलतो. अर्धा तास उशीर झाला तरी उसाचं काही बिघडत नाही. ओढ्याच्या पाण्याची पातळी मोजत असाल तर पावसाळ्यात अर्धा तास फार होतो. दोन्ही कामांसाठी एकच वेळापत्रक नको.

बाइटच्या बाबतीत हात आखडता घ्या. आकडे अक्षरांच्या रूपात, नावांसकट पाठवले तर एक पॅकेट सहज ८० बाइटचं होतं. तेच बायनरीत मांडा: नोड क्रमांक १ बाइट, पॅकेटचा अनुक्रमांक २, तीन खोलींवरचा ओलावा ६, तापमान २, बॅटरी २, मागच्या फेरीतला, म्हणजे १५ मिनिटांपूर्वीचा, ओलावा ६, स्थिती १. झाले २० बाइट. मागच्या फेरीचा ओलावा पुन्हा का पाठवायचा, ते पुढे येईल.

रेडिओ आणि घड्याळ

भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय मोकळा आहे. कमाल १ वॅट प्रक्षेपण शक्ती आणि २०० किलोहर्ट्झ रुंदी अशी मर्यादा आहे. म्हणून लोराची रुंदी १२५ किलोहर्ट्झ ठेवा. २५० किंवा ५०० निवडू नका. ८६८ म्हणून विकले जाणारे मॉड्यूल ८६५ वर चालतात. एसएक्स १२७६ या लोरा चिपची कमाल शक्ती २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॅट. आपल्याला तेवढी पुष्कळ झाली.

या चिपच्या डेटाशीटमधले दोन आकडे लक्षात ठेवा. ऐकताना ती सुमारे ११ मिलिअँपिअर खाते, झोपेत मायक्रोअँपिअरच्याही खाली जाते. नोड दिवसभर कान देऊन बसला तर २४ तासांत २६४ मिलिअँपिअर-तास गेले. २५०० ची बॅटरी नऊ-दहा दिवसांत संपली, आणि त्यातला बहुतेक वेळ ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. बॅटरीवर चालणाऱ्या नोडची खरी उधळपट्टी ही रिकामं ऐकण्याची असते. पाळी लावल्याने टक्कर टळते, आणि नोडला बिनधास्त झोपताही येतं.

झोपायचं तर उठायची वेळ कळली पाहिजे, म्हणून घड्याळावर पैसे खर्च करा. कंट्रोलरच्या (नोड चालवणाऱ्या चिपच्या) पोटातलं, स्फटिकाशिवाय चालणारं आरसी घड्याळ तापमानाबरोबर टक्क्याच्या हिशेबात सरकू शकतं. १ टक्का म्हटलं तरी १५ मिनिटांत ९ सेकंद. ते या कामाला निरुपयोगी. ३२.७६८ किलोहर्ट्झचा साधा स्फटिक (क्रिस्टल) २० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत वीस एवढ्या चुकीचा असतो, दिवसाला पावणेदोन सेकंद. पण त्याला ऊन सोसत नाही. २५ अंशांपासून जितकं दूर जाल तितका तो मंदावतो, आणि मंदावणं अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतं. एप्रिलच्या उन्हात पत्र्याची पेटी आतून ५५ अंशांपर्यंत तापली तर आणखी ३० पीपीएम गेले. डीएस ३२३१ ही तापमान भरपाई करणारी चिप ० ते ४० अंशांत २ पीपीएम आणि त्याबाहेर ३.५ पीपीएम सांभाळते. परवडत असेल तर तीच लावा. नसेल तर साध्या स्फटिकावरही काम भागतं. पुढचा हिशेब मी त्यावरच केला आहे.

एक पॅकेट हवेत किती वेळ असतं

लोरात स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ, म्हणजे सिग्नल वेळेत किती ताणायचा ते सेटिंग) वाढवला की रेंज वाढते आणि वेळही वाढतो. २० बाइटचं पॅकेट, १२५ किलोहर्ट्झ, चुकीदुरुस्तीचं कोडिंग ४/५ (चार बिटांमागे एक जादा) धरून एसएफ ७ वर ५७ मिलिसेकंद लागतात, एसएफ ९ वर १८५, एसएफ १० वर ३७१ आणि एसएफ १२ वर १,३१९. एसएफ ७ पासून १२ पर्यंत तेवीस पट. ८० बाइटचं अक्षरांतलं पॅकेट एसएफ ९ वरच ४५२ मिलिसेकंद घेतं. म्हणून बाइटची कंजुषी. 'रेंज कमी पडते, सरसकट एसएफ १२ करून टाका' हा सल्ला कुणी दिला तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवा.

पाळी न लावता कुठवर जमतं

वाटेल तेव्हा बोलायची पद्धत १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने अलोहा या नावाने चालवून दाखवली. तिची अंगभूत मर्यादा अशी की वाहिनीचा (सगळे बोलतात त्या एका वारंवारतेचा) फार तर १८.४ टक्के वेळ उपयोगी पडतो. पण आपण त्या मर्यादेच्या बरेच खाली असतो. ४० नोड, एसएफ ९, दर १५ मिनिटांनी एक पॅकेट: ९०० सेकंदांपैकी हवा भरलेली फक्त ७.४ सेकंद. एखादं पॅकेट टकरीत सापडण्याची शक्यता दीड टक्क्याच्या आसपास. एसएफ १२ वर तीच ११ टक्के होते.

म्हणजे नोड थोडे आणि एसएफ कमी असेल तर पाळीवाचूनही निभतं, आणि पहिला हंगाम तसाच काढायला हरकत नाही. पण हा हिशेब बोलण्याच्या वेळा खरोखर विखुरलेल्या असतील तरच खरा ठरतो. नोडना 'घड्याळात ०, १५, ३०, ४५ मिनिटं झाली की पाठव' असं सांगितलं तर चाळीसच्या चाळीस एकाच सेकंदाला तोंड उघडतील. आपल्याकडे याचं आणखी एक कारण असतं. मोटरच्या स्टार्टरवर बसवलेले नोड शेतीच्या लाईटवर चालतात. थ्री-फेज लाईट वेळापत्रकाने येते, आणि ती आली की फीडरवरचे सगळे नोड एकदम जागे होऊन 'मी आलो' म्हणतात. म्हणून चालू झाल्यावर पहिलं पॅकेट पाठवण्याआधी ० ते ६० सेकंदांत कुठेतरी यादृच्छिक थांबा घाला. यादृच्छिक आकड्याचं बीज (ज्यावरून तो काढला जातो तो सुरुवातीचा आकडा) नोडच्या क्रमांकावरून घ्या, नाहीतर सगळ्यांचे 'यादृच्छिक' थांबे सारखेच येतात.

आधी ऐकून मग बोलणं

लोरा चिपमध्ये कॅड नावाची सोय आहे. हवेत कुणाचं लोरा सिग्नल आहे का, हे ती थोडक्या वेळात तपासते. वापरा, पण तिच्यावर विसंबू नका. गेटवे गच्चीवर किंवा पाण्याच्या टाकीवर असतो, त्याला चारी दिशांचं ऐकू येतं. नोड मात्र रानात. नदीच्या वळणाच्या अलीकडचा आणि पलीकडचा नोड एकमेकांना ऐकत नाहीत. मध्ये दहा-बारा फूट उंच ओला ऊस उभा असतो. दोघेही तपासतात, दोघांनाही शांतता दिसते, दोघेही बोलतात. गेटवे जितका उंच तितक्या अशा लपलेल्या जोड्या जास्त.

पाळी लावणं

आता मुख्य काम. गेटवे दर १५ मिनिटांनी एक बीकन, म्हणजे सगळ्यांसाठीचा वेळेचा इशारा, पाठवतो. बीकन सुरू झाला तो क्षण म्हणजे सगळ्यांचा शून्य सेकंद. गेटवेचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी जुळलेलं असण्याची गरज नाही, प्रत्येक नोडला जीपीएस लावायची तर अजिबात नाही. सगळ्यांनी एकाच घड्याळाला मानलं की पुरे. बीकनमध्ये दहा बाइट ठेवा: नेटवर्कचा क्रमांक १, फेरीचा क्रमांक ३, पोच ५, स्थिती १. एसएफ ९ वर हा बीकन १४४ मिलिसेकंदांचा होतो.

पोच पाचच बाइटांत कशी? ४० नोड म्हणजे ४० बिट. मागच्या फेरीत ज्याचं पॅकेट मिळालं त्याचा बिट १, नाही मिळालं त्याचा ०. प्रत्येक नोडला वेगळी पोच पाठवत बसलात तर गेटवेला तेवढा वेळ कान बंद ठेवावा लागतो, कारण हा रेडिओ बोलताना ऐकू शकत नाही. आपला बिट शून्य दिसला तरी नोडने घाईने पुन्हा पाठवायचं नाही. मागच्या फेरीचा ओलावा पुढच्या पॅकेटमध्ये आहेच. दोन फेऱ्या लागोपाठ गेल्या तरच एक आकडा हरवेल.

आता वेळा. बीकन शून्याव्या सेकंदाला. पाळ्या पाचव्या सेकंदापासून, प्रत्येकी २ सेकंदांच्या. पहिल्या नोडची ५ ते ७, दुसऱ्याची ७ ते ९, चाळिसाव्याची ८३ ते ८५. १०० ते १६० सेकंद ही खुली वेळ, तिचं काम पुढे सांगतो. उरलेली बारा मिनिटं सगळे झोपलेले.

१८५ मिलिसेकंदांच्या पॅकेटला २ सेकंद दिले, ही उधळपट्टी वाटेल. शोधनिबंधांत १० मिलिसेकंदांच्या पाळ्या वाचून आलेला विद्यार्थी इथे हमखास अडतो. पण आपल्याकडे वेळ ढीगभर आहे आणि घड्याळं स्वस्त आहेत. पॅकेट पाळीच्या मधोमध, ०.९ सेकंदावर सुरू करा, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास ०.९ सेकंद मोकळे राहतात. दोन घड्याळांचे मिळून ४० पीपीएम आणि उन्हाचे ३० असे ७० पीपीएम धरले तर एका फेरीत नोड ६३ मिलिसेकंद सरकतो. बारा फेऱ्या, म्हणजे तीन तास, त्याला एकही बीकन मिळाला नाही तरी तो पाऊण सेकंदच सरकलेला असतो. शेजाऱ्याच्या पाळीत तो शिरत नाही. वळवाच्या पावसात तासभर बीकन गेले तरी नेटवर्क उभं राहतं, ते या मोकळ्या जागेमुळे.

नोडने बीकनसाठी किती आधी उठायचं हेही याच आकड्यावरून निघतं. मागचा बीकन मिळाला असेल तर ७० मिलिसेकंद आधी उठा. एक चुकला असेल तर १४० आधी आणि तेवढंच नंतरपर्यंत, दोन चुकले तर २१०, असं वाढवत न्या. रोजच्या ९६ बीकनना प्रत्येकी ०.४ सेकंद ऐकलं तरी दिवसाला ०.१२ मिलिअँपिअर-तासच लागतो. आधीचे २६४ आठवा.

फर्मवेअरमध्ये (नोडमधल्या प्रोग्रॅममध्ये) दोन बारकावे सांभाळा. बीकन पूर्ण मिळाला की चिप इंटरप्ट (हातातलं काम थांबवणारा इशारा) देते. वेळेची नोंद त्या इंटरप्टच्या आतच घ्या, मुख्य लूपमध्ये नाही, आणि त्यातून बीकनचे १४४ मिलिसेकंद वजा करा. तो तुमचा शून्य. दुसरं, दोन बीकनमध्ये आपल्या घड्याळाने किती वेळ मोजला ते लिहून ठेवा. ९०० ऐवजी ९००.०२७ सेकंद मोजले तर घड्याळ ३० पीपीएम पुढे पळतंय. पुढच्या झोपेत तेवढी भर घाला. शेवटच्या आठ फेऱ्यांची सरासरी घेतली तर आकडा नाचत नाही.

नवा नोड, हरवलेला नोड

नव्या नोडला शून्य कधी ते माहीत नसतं. त्याने बीकन मिळेपर्यंत सलग ऐकायचं, जास्तीत जास्त एक पूर्ण फेरी. त्याची किंमत पावणेतीन मिलिअँपिअर-तास, एकदाच. मग १०० ते १६० या खुल्या वेळेत यादृच्छिक क्षणी स्वतःची ओळख पाठवायची आणि गेटवेकडून पाळी घ्यायची. सुरुवातीला इतकंही नको: नोड क्रमांक हाच पाळीचा क्रमांक ठेवा आणि क्रमांक फर्मवेअर भरताना हाताने द्या.

बारा फेऱ्या बीकन न मिळालेल्या नोडने गप्प बसलंच पाहिजे. हा नियम मोडू नका. सरकलेलं घड्याळ घेऊन बोलणारा एक नोड शेजारच्या दोघांचं नुकसान करतो. आकडे मेमरीत साठवा, तासातून एकदा पूर्ण फेरी ऐका, बीकन मिळाला की पुन्हा रांगेत या.

ऊस वाढल्यावर

सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्या वेळी रान उघडं असतं आणि नेटवर्क अप्रतिम चालतं. त्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. ऑगस्टमध्ये तोच नोड ओल्या पाल्याच्या आत गाडला गेलेला असतो. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. अँटेना पाल्याच्या वर निघेल एवढा खांब लावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जीआय पाइपचा हवा तसा करून मिळतो. आणि गेटवे उंच ठेवा: १ किलोमीटरच्या टप्प्यात मधोमध सिग्नलला सुमारे ९ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते.

तरीही काही नोड एसएफ ९ वर पोचणार नाहीत. त्यांनाच तेवढा एसएफ १२ द्या, आणि त्यांची पाळी ४ सेकंदांची करा. एका वाहिनीचा स्वस्त गेटवे एका वेळी एकच एसएफ ऐकतो. पण कोणत्या सेकंदाला कोण बोलणार हे त्याला माहीत असल्यामुळे तो पाळीगणिक सेटिंग बदलू शकतो. पाळी लावण्याचा हा फायदा फारसा कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे महागड्या आठ वाहिन्यांच्या गेटवेवाचून काम भागतं. एक गोष्ट विसरली जाते: लांबच्या नोडला एसएफ ९ चा बीकनही ऐकू येणार नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या सेकंदाला एसएफ १२ वर दुसरा बीकन पाठवा. तो ९९१ मिलिसेकंदांचा होतो, पाचव्या सेकंदाच्या आत संपतो.

लॉग वाचायला शिका

गेटवेने प्रत्येक पॅकेटबरोबर अनुक्रमांक, सिग्नलची ताकद आणि पाळीतल्या ठरलेल्या क्षणापासून किती मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे आलं, हे लिहून ठेवलं पाहिजे. रानात जाण्याआधी सगळे नोड टेबलावर मांडून दोन दिवस चालवा. तिथे रेंजचा प्रश्न नसतो, त्यामुळे जे गळतं ते वेळेच्या चुकीमुळे.

मग खुणा ओळखू येतात. सगळ्यांचं एकदम गेलं तर गेटवे किंवा बीकन बघा. एकाचंच सतत जात असेल आणि ताकद कमी दिसत असेल तर अँटेना किंवा ऊस. लागून पाळी असलेल्या दोघांचं आळीपाळीने जात असेल तर त्यांच्या वेळा एकमेकांवर चढल्या आहेत. फक्त दुपारी जात असेल तर पेटी उन्हात आहे. तिला सावली करा, फर्मवेअर शोधत बसू नका. वेळेतला फरक एकाच दिशेने वाढत असेल तर घड्याळाची भरपाई चालत नाही; बेताल उड्या मारत असेल तर नोंद इंटरप्टमध्ये घेतलेली नाही.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे एकच क्रमांक दोन नोडमध्ये भरला जाणं. दोघे एकाच पाळीत बोलतात. लोरात दोन सिग्नलमध्ये ६ डेसिबलच्या आसपास फरक असला तर ताकदवान पॅकेट टिकतं, म्हणून जवळचा नोड छान पोचतो आणि दुसरा जणू नाहीच. कधीतरी जवळच्याचं पॅकेट हुकलं की दुसऱ्याचं येतं. एकाच नोडचा अनुक्रमांक मागे-पुढे उड्या मारताना दिसला की हीच चूक समजा.

पाणी चढताना आणि फाउंड्रीत

ओढ्याच्या पातळीचा नोड याच नेटवर्कमध्ये घ्यायचा असेल तर त्याला स्वतःची पाळी द्याच, शिवाय खुल्या वेळेत बोलायची मुभा द्या. बीकनमधला स्थितीचा बाइट इथे कामी येतो: पाणी चढायला लागलं की गेटवे 'आता फेरी ३ मिनिटांची' असं कळवतो. ८५ व्या सेकंदापर्यंतच्या पाळ्या आणि ६० सेकंदांची खुली वेळ १८० सेकंदांत बसतात. स्थलांतराचा निर्णय मात्र राजाराम बंधाऱ्यावरच्या सरकारी नोंदीवरच: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, त्यामुळे गेटवे आणि त्याची बॅटरी नदीकाठच्या मोटर शेडमध्ये ठेवू नका.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्ट्यांचं तापमान मोजायचं असेल तर हिशेब वेगळा. तिथे अंतरं लहान, लोखंड फार, आणि वायफाय सगळीकडे. २.४ गिगाहर्ट्झवरच्या ८०२.१५.४ (कमी शक्तीच्या सेन्सर रेडिओंचं मानक) रेडिओला १६ वाहिन्या असतात, ११ ते २६. वायफाय १, ६ आणि ११ वर असेल तर १५, २०, २५ आणि २६ या वाहिन्या बऱ्याच मोकळ्या मिळतात. या मानकाच्या २०१२ च्या सुधारणेत आलेली टीएससीएच पद्धत पाळी आणि वाहिनी दोन्ही ठरवून देते: दर पाळीला वाहिनी बदलते, त्यामुळे एखादी खराब असली तरी पुढची चांगली मिळते. तिथे १० मिलिसेकंदांच्या पाळ्या खरंच लागतात. ती स्वतः लिहू नका. काँटिकी-एनजी या सेन्सर नोडसाठीच्या मुक्त प्रणालीत तयार आहे.

शेजारच्या गावात दुसरा गट असंच नेटवर्क लावत असेल तर सुरुवातीलाच वाहिन्या वाटून घ्या: एकाला ८६५.०६२५, दुसऱ्याला ८६५.४०२५, तिसऱ्याला ८६५.९८५ मेगाहर्ट्झ. लोरावॅनचे (लोरावरच्या प्रमाणित नेटवर्क पद्धतीचे) भारतातले ठरलेले तीन चॅनेल हेच आहेत, त्यामुळे परिसरात लोरावॅनची उपकरणं आढळली तर तुमची वाहिनी त्यांच्यापासून २०० किलोहर्ट्झ तरी बाजूला सरकवा आणि नेटवर्क क्रमांक वेगळा ठेवा, म्हणजे शेजारच्या गटाचा बीकन आपल्या नोडला आपला वाटणार नाही.